यानावरची धूळ

माझा आजचा धंदा मला आष्टीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शिकवला आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मी एकतीस वर्षं वर्ध्यात दातांच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो. डॉक्टर तोंडाचा साचा घेऊन पाठवतो, त्यावरून कवळी, दाताची टोपी, पूल असं जे काय असेल ते बनवून द्यायचं, हे आमचं काम. पेशंटचं तोंड आम्ही साच्यात पाहतो, त्याचा चेहरा कधी दिसत नाही. हा म्हातारा मात्र डॉक्टरला ओलांडून थेट लॅबमध्ये आला. वरची नवी कवळी त्यानं धोतराच्या सोग्यात बांधून आणली होती. ती टेबलावर ठेवून म्हणाला, "हे दात माहे नाई."

मी साचा काढला, कवळी बसवून पाहिली. तंतोतंत होती. कुठं टोचते का, विचारलं. टोचत नव्हती. चावताना हलते का? तेही नाही. मग त्यानं गाऱ्हाणं सांगितलं, "गावात लोक मले वळखून नाई राह्यले. चाळीस वर्स खर्रा खाल्ला मी. त्याचं काई तं दिसू द्या."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला ऐवज. आमच्याकडे तो गालात धरून माणूस जन्म काढतो. मला हसू आलं, पण म्हाताऱ्याचं बोलणं खरं होतं. पांढरेशुभ्र दात त्याच्या रापलेल्या तोंडात उसने आणल्यासारखे दिसत होते. मी सगळ्या दातांवर तपकिरी रंगाचा एक हात फिरवला. त्यानं आरशात पाहिलं आणि मान हलवली. मीही पाहिलं. दात घाणेरडे दिसत होते, जुने दिसत नव्हते.

मग मी त्याला तोंड उघडायला लावून खाली उरलेले त्याचे स्वतःचे चार दात बघितले. जिथं जीभ फिरते तिथं दात लख्ख होते. काळं साचलं होतं ते दोन दातांच्या फटीत, हिरडीच्या कडेला आणि तेही डाव्या बाजूलाच, कारण खर्रा तो डाव्या गालात धरायचा. तसं मी कवळीवर उतरवलं. उजवी बाजू जवळजवळ कोरी ठेवली. म्हाताऱ्यानं आरसा हातात धरला, दोन-तीनदा हसून पाहिलं आणि "आता आले माहे दात," म्हणून तो बसस्टँडकडे चालता झाला.

वस्तू जुनी दिसण्यासाठी तिच्यावर घाण थापून भागत नाही. हात कुठं लागतो, कुठं लागत नाही, एवढंच पाहायचं असतं. मला येतं ते एवढंच. बाकी सगळं सरावानं कोणालाही जमेल.

त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तेव्हा एक तरुण दंतवैद्य शिकाऊ म्हणून होते. त्यांना विज्ञानकथांतल्या अंतराळयानांची मॉडेलं जोडायचा नाद. त्यांनी म्हाताऱ्याची कवळी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी हातभर लांबीचं एक प्लॅस्टिकचं यान माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, याला पण खर्रा खाऊ घाला. मी घातला. त्यांनी त्याचे फोटो त्यांच्या मित्रमंडळींना पाठवले आणि तिथून माझा जोडधंदा सुरू झाला. निवृत्त झाल्यावर तोच मुख्य धंदा झाला.

शेजारपाजारचे विचारतात, काय करता? मी सांगतो, नव्याचं जुनं करतो. ते मला दुरुस्त करतात, जुन्याचं नवं म्हणा. मी वाद घालत नाही. हौशी माणसं संच आणून यान जोडतात किंवा थ्रीडी प्रिंटरवर तुकडे छापून घेतात. जोडलं की ते खेळणं दिसतं. ते खेळणं दिसू नये, वीस वर्षं कुठल्या कुठल्या ग्रहांवर उतरून, धक्के खाऊन, डागडुजी होऊन आल्यासारखं दिसावं, म्हणून कुरिअरनं माझ्याकडे येतं. म्हाताऱ्याच्या दातांवरून शिकलो होतो, म्हणून मी आधी गिऱ्हाइकालाच प्रश्न पाठवायचो. खलाशी कुठल्या दारातून चढतात? शेवटचं कुठं उतरलं होतं? दुरुस्तीला मूळ रंग मिळाला होता की हाताशी होता तो फासला? उत्तरं आल्याशिवाय मी ब्रश भिजवत नसे.

अमरावतीचे एक निवृत्त भौतिकशास्त्राचे सर या प्रश्नांवर बिघडले. अवकाशात ना हवा ना पाणी, तिथं गंज चढतोच कसा, असा त्यांचा सवाल. मी म्हटलं, सर, यान जातं तसं कुठंतरी उतरतंही. महिनाभर त्यांनी मला सूर्यकिरणांबद्दल आणि उल्काकणांबद्दल शिकवलं. मग एक दिवस त्यांच्या यानाची सात पानी कुंडलीच आली, त्यात स्वयंपाक्याच्या डावखुरेपणाचीही नोंद होती. मी त्या स्वयंपाकघराच्या झडपेची डावी कड झिजवली. सर खूश झाले.

काम कसं करतात तेही थोडक्यात सांगतो. आधी करडा अस्तराचा हात. त्यावर गंजासारखा तपकिरी. तो वाळला की ओल्या ब्रशनं खड्याच्या मिठाचे बारीक कण इथंतिथं चिकटवायचे आणि वरून यानाचा खरा रंग मारायचा. वाळल्यावर मीठ खरवडून काढलं की तिथं रंगाचे पोपडे उडालेले दिसतात. पत्र्यांच्या सांध्यांत टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला काळपट तेलरंग सोडायचा, तो आपोआप चरांतून धावतो. उरलेला पुसायचा, तोही ज्या दिशेनं ओघळ जातील त्याच दिशेनं. माझी हत्यारं दातांचीच होती. चर कोरायला दात टोकरायची सळई, बारीक शिंतोड्यांना दात घासायचा ब्रश आणि कपाळावर पट्ट्यानं बांधलेलं भिंग. सगळ्यात शेवटी धूळ. धूळ बसली की यान जिवंत होतं. लोक माझ्याकडे येत ते धुळीसाठीच.

इथवर मी 'मी, मी' करत आलो. आता खरं सांगायला हवं. धूळ मी करत नव्हतो. धूळ माझी बायको प्रमिला करायची.

प्रमिला जामजवळच्या एका खेड्यातली, कास्तकाराच्या घरची. तिचं शिक्षण आठवीपर्यंत. मी बाहेरून मागवलेल्या भुकटीच्या बाटल्या तिनं एकदा उघडल्या, चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि "ही धूळ नाई, पावडर आहे," असं म्हणून झाकण लावलं. मग तिनं आपली धूळ जमवली. बिस्किटांच्या चार डब्यांत ती असायची. पवनारला धाम नदीच्या काठची उन्हाळ्यातली करडी माती, माहेरच्या वावरातली काळी, हायवेच्या कडेचा तांबूस मुरूम आणि पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची, राख. सगळं ती जुन्या मलमलीतून तीनदा गाळायची. पपईच्या देठाची पोकळ नळी असायची तिच्याकडे. तळहातावर धूळ घ्यायची, नळीचं टोक जवळ धरायचं आणि एक हलकी फुंकर घालायची. धूळ जाऊन बसायची. वर मी फवाऱ्यानं ती पक्की करतो म्हटलं, तर तिला ते मान्य नव्हतं. पक्की केली की मरते, म्हणायची.

यावरून आमचे खटके उडायचे. मला शास्त्र पाहिजे. धूळ आडव्या जागी बसते, उभ्या भिंतीवर बसत नाही, कोपऱ्यात साचते, कडेवर टिकत नाही. आणि हिची धूळ भलतीकडेच. उभ्या दाराच्या चौकटीवर एक झुळूक, यानाच्या नंबरावर एक, पोटाशी एक. मी दिवा धरून तिला समजवायचो, पाहा, वरून पडते ती, इथं कशी बसेल? ती ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "बसली न तिथं. राहू द्या."

"धूळ जास्त झाली," हे माझं ठरलेलं वाक्य. प्रत्येक यानाच्या वेळी मी ते म्हणालो असेन. तिनं एकदाही पुसून कमी केली नाही आणि एकदाही मला उलट उत्तर दिलं नाही. गिऱ्हाइकं मात्र त्याच धुळीचे फोटो मोठे करकरून एकमेकांना पाठवत.

एकदा हौशी मंडळींनी मोबाइलवर माझी मुलाखत ठेवली. चाळीसेक माणसं होती, त्यातली काही परदेशातली. एकानं विचारलं, तुमच्या धुळीचं गुपित काय? प्रमिला मागं स्वयंपाकघरात बसून माती गाळत होती. दारातून मला तिची पाठ दिसत होती. मी म्हणालो, "एकतीस वर्षं दात रंगवले, ही त्याची कमाई आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती उठली नाही, तिचं गाळणंही थांबलं नाही. मुलाखत संपल्यावर तिनं मला चहा आणून दिला आणि आवाज बरा येत होता का, एवढंच विचारलं. मला त्या वेळी लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. आता वाटते.

दुसरा एक प्रसंग हिंगणघाटचा. तिथल्या एका मुलीनं लग्नाच्या रुखवतात यान ठेवायचं ठरवलं. रुखवत म्हणजे नवरीकडची कलाकुसर मांडून पाहुण्यांना दाखवायची रीत. शेवयांची झोपडी, लाडवांचा डोंगर, विणलेली तोरणं यांच्यामध्ये हिचं मालवाहू यान. तिनं ते स्वतः जोडलं होतं, रंग आमचा होता. लग्नाला आम्हाला मानानं बोलावलं. आम्ही मंगल कार्यालयात पोचलो तर यान चकाचक. नवरीच्या मावशींनी ओल्या फडक्यानं पुसून काढलं होतं. लई धूळ बसली होती, पावण्यायसमोर बरं नाई दिसत, असं त्या सांगत होत्या आणि त्यांचा चेहरा काम केल्याच्या समाधानानं भरला होता.

माझा पारा चढला. मी चष्मा पुसून जवळून पाहिलं तर दाराच्या कडेला भलेमोठे ओरखडे आणि नंबराच्या चिकटवलेल्या कागदाखाली हवेचा फुगा. मी मावशींना चार लोकांत सुनावलं. धूळ तर घालवलीच, वर ओरखडे पाडले, नंबर उखडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रमिलानं मला हाताला धरून बाजूला नेलं.

"त्यायले काऊन बोलता?" ती म्हणाली. "तुमी चहा घेऊन या. जा."

मी चहा घेऊन आलो तोवर तिचं काम आटोपलं होतं. आचाऱ्याच्या भट्टीतली राख तिनं पदरातून गाळून घेतली होती आणि लग्नपत्रिकेची सुरळी करून फुंकली होती. यान होतं तसं झालं होतं. ओरखडे दिसत नव्हते, फुगाही नाही. मी म्हणालो, धूळ जास्त झाली.

दोन उन्हाळ्यांपूर्वी प्रमिला गेली. कावीळ झाली, दवाखाना झाला, तीन आठवड्यांत सगळं संपलं. आम्हाला मूलबाळ नाही. तेरवी झाली, तिचा भाऊ गावी परतला आणि मी घरात एकटा उरलो.

एकटेपणाबद्दल लोक बरंच लिहितात, मला तेवढं लिहिता येत नाही. माझ्याशी दिवसात बोलणारा माणूस म्हणजे कुरिअरवाला, आणि तोही अंगठा लावा, एवढंच म्हणतो. स्वयंपाक मी करतो, पण चव कशी झाली हे सांगायला कोणी नसल्यानं चांगला झाला की वाईट, कळत नाही. घरात खरी धूळ बसायला लागली. टीव्हीवर, तिच्या शिलाई मशीनवर, चार डब्यांच्या झाकणांवर. मी ती धंद्याच्या नजरेनं बघत बसायचो. आडव्या जागी सारखी, कोपऱ्यात थोडी जास्त, उभ्या भिंतीवर काही नाही. मी म्हणत होतो तशीच बसत होती. माझं शास्त्र बरोबर होतं आणि ते सांगायला घरात कोणी नव्हतं.

कामं मी घेत राहिलो, पण धुळीचं काम सध्या बंद आहे, असं कळवायला लागलो. कारण कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? जी धूळ माझी म्हणून मिरवली ती अचानक बंद का झाली, याचं उत्तर खोटं तरी द्यावं लागलं असतं किंवा खरं. दोन्ही जमत नव्हतं. मागण्या हळूहळू कमी झाल्या.

आणि एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. अठरा वर्षांत आम्ही शेकड्यानं यानं केली, पण घरात एकही नव्हतं. करायचं, बांधायचं, पाठवायचं. तिच्या हातचं माझ्याजवळ काहीच नव्हतं. फोटो होते, पण फोटोत धूळ म्हणजे फिकट रंग. बोट लावून पाहावं असं काही नाही. जुन्या गिऱ्हाइकांपैकी कोणाला तरी एखादं यान चार दिवस पाठवा म्हणावं असं कितीदा मनात आलं. पण मग कशासाठी, हे सांगावं लागलं असतं.

अशात मागच्या फेब्रुवारीत कोल्हापूरच्या सरनाईकांचा निरोप आला. सरनाईक म्हणजे माझं लाडकं गिऱ्हाईक. ओतकामाच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांचं यान खनिज वाहणारं, पोट सुटलेलं, आखूड पायांचं, त्याचं नाव त्यांनी 'म्हैस' ठेवलं होतं. प्रमिला आजारी पडण्याच्या आधी आम्ही केलेलं ते शेवटचं मोठं काम. निरोपात एवढंच होतं की म्हशीला थोडा त्रास झालाय, पाठवतो आहे, होती तशी करून द्या.

मला त्रास वगैरे काही ऐकू आलं नाही. म्हैस येणार, म्हणजे तिची धूळ येणार, एवढंच मला समजलं. मी टेबल पुसलं, दिवा बदलून आणला. कुरिअरच्या दुकानात दोनदा जाऊन आलो. तिथला मुलगा म्हणाला, "काका, आली की मीच घेऊन येतो न." तीन दिवसांनी खोकं आलं. मी दाढी करून मग ते उघडलं, हसू नका.

यान कोरं होतं. धुळीचा कण नाही. सोबत चिठ्ठी होती. सरनाईक गावी गेलेले असताना वरच्या टाकीचं पाणी छतातून पाझरलं आणि दोन दिवस थेंब थेंब करून शोकेसमध्ये पडत राहिलं. पक्की न केलेली धूळ, ती किती टिकणार? सगळी वाहून गेली होती. खाली उरला होता माझा रंग.

त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही म्हैस टेबलावर तशीच होती. तिसऱ्या दिवशी, नुकसान कुठवर आहे ते तरी पाहू म्हणून मी भिंग बांधलं आणि दिवा जवळ ओढला.

पहिली नजर गेली दाराच्या कडेवर. तिथले पोपडे बेढब मोठे होते. यानाच्या मापानं पाहिलं तर माणसाच्या डोक्याएवढा एकेक. मी इतकं मोठं मीठ कधी वापरलं? मग नंबर. त्याच्या कागदाखाली हवा राहिली होती. पोटाशी सळई घसरून चर बाहेर गेला होता. डाव्या इंजिनाचे ओघळ मी उलट्या दिशेनं पुसले होते. मागच्या पंखाच्या बुडाशी वार्निशमध्ये एक पांढरा केस अडकलेला होता, माझ्या भुवईचा असावा. हे पाण्यानं झालेलं नव्हतं. पाणी पोपडे मोठे करत नाही आणि वार्निशखाली केस घालत नाही.

यातल्या प्रत्येक जागेभोवती एक पुसट करडी कड होती. पाणी वाळताना कडेला गाळ ठेवून जातं तशी. धूळ तिथं होती, बरोब्बर तिथंच, आणि पाण्यानं ती उचलून चुकीभोवती रिंगण ठेवलं होतं. मी एकेक जागा मोजली. चौदा भरल्या. उभ्या चौकटीवर, नंबरावर, पोटाशी. ज्या ज्या जागी मी दिवा धरून तिला म्हटलं होतं, इथं कशी बसेल, त्याच जागा.

मालाच्या दरवाजावर मात्र अशी कड कुठंच नव्हती. तो दरवाजा मला फार चांगला जमला होता, माझं मलाच माहीत आहे. तिथं तिनं कणभरही टाकला नव्हता. माझं चांगलं तिनं सगळ्यांना दिसू दिलं होतं.

मी भिंग सोडून बसलो. अठरा वर्षं ही बाई माझं यान हातात घेऊन आधी माझ्या चुका शोधत होती आणि मला न सांगता त्या झाकत होती, आणि मी तिला धूळ कशी बसते याचं शास्त्र शिकवत होतो. तिनं सांगितलं असतं तर? मी भांडलो असतो. कोण तू मला शिकवणारी, असंही म्हणालो असतो, मी ओळखतो मला. तिनं ओळखलं होतं. मला हिंगणघाटच्या त्या मावशी आठवल्या. ते ओरखडे माझे होते. त्यांची माफी मागायची राहिली आहे, त्या आता कुठं असतात ते मला ठाऊक नाही.

आणि लोकांना ती धूळ इतकी खरी का वाटायची, तेही तेव्हा उमगलं. माझा हात अडखळायचा तो कडेला, सांध्यात, दाराच्या चौकटीत, अडचणीच्या जागी. खलाशांचा हातही तिथंच अडखळला असता. त्यामुळे तिची धूळ शास्त्रात बसत नसली तरी माणसांच्या वापरात बसत होती. आष्टीच्या म्हाताऱ्यानं मला जे शिकवलं आणि मी जगाला सांगत फिरलो, ते ती न बोलता करत होती.

मग मी अकरा दिवस धूळ बसवायचा प्रयत्न केला. चारी डबे काढले, एअरब्रशनं मारून पाहिली, ब्रशनं टेकवून पाहिली. पिठाच्या गिरणीतून आणल्यासारखी म्हैस दिसायला लागली. पुसून परत, पुसून परत. बाराव्या दिवशी मी सरनाईकांना फोन लावला.

मी सगळं सांगितलं. धूळ माझ्या बायकोची होती, ती आता नाही, मी आजवर तिचं नाव घेतलं नाही, मला ती धूळ येत नाही. एका दमात बोलून टाकलं. मग सरनाईकांनी विचारलं, त्यात टोचणी नव्हती, सरळ शंका होती.

"मग त्यात तुमचं काय होतं हो?"

"खालच्या चुका," मी म्हणालो.

मी त्यांना दुसरा मार्ग सुचवला. चौदाही चुका मी चार दिवसांत दुरुस्त करून देतो, मग धुळीची गरजच पडणार नाही, यान निर्दोष होईल. दातांच्या लॅबमध्ये मुरलेला माणूस दुसरं काय सुचवणार? सरनाईक म्हणाले, नको. होती तशी पाहिजे, चुका धरून. घाई नाही, तुमची फुंकर जशी बसेल तशी बसू दे. फोन ठेवायच्या आधी त्यांनी वहिनींचं नाव विचारलं. मी सांगितलं. गिऱ्हाइकाला तिचं नाव सांगायची माझी ती पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारं-खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला. मागच्या अंगणातल्या पपईचं एक देठ तोडून नळी केली. पवनारच्या मातीत थोडी राख मिसळून तळहातावर घेतली. या वेळी धूळ कुठं बसेल याचा विचार केला नाही, माझं कुठं चुकलंय तेवढं बघितलं. दाराच्या कडेशी नळी नेली आणि फुंकण्याआधी तोंडातून आपोआप निघालं, "इथं चुकलं माह्यं."

फुंकर बसली. तिच्यासारखी नाही, पण बसली. मग नंबरापाशी गेलो, तिथंही तेच म्हणालो. पोटाशी, इंजिनाशी, पंखाच्या बुडाशी. मोठ्यानं म्हणत होतो, समोर कोणी बसलं असल्यासारखं, चौदा जागा, चौदा वेळा. शेवटची जागा झाल्यावर मी नळी खाली ठेवली आणि जरा थांबलो. धूळ जास्त झाली, असं कोणी म्हणालं नाही. अठरा वर्षं ऐकायला घरात माणूस होतं, तेव्हा 'इथं चुकलं माह्यं' हे मला एकदाही म्हणता आलं नाही.